तळटीप

मराठी समीक्षेची एक गोष्ट मला आजवर उलगडलेली नाही. एखादा कवितासंग्रह निघतो, कवीचे मित्र तो भेट म्हणून घेतात, कवीचे नातेवाईक तो भेट म्हणून टाळतात, आणि तरीही त्यावर तीन ठिकाणी परीक्षणं येतात. पण मिक्सर, गीझर, इस्त्री, प्रेशर कुकर यांच्या खोक्यांतून जे विपुल वाङ्मय घरोघर येतं, त्याची दखल घ्यायला एकही समीक्षक पुढे येत नाही. वास्तविक प्रसाराच्या दृष्टीनं या वाङ्मयाच्या आसपासही कुणी फिरकू शकणार नाही. कुकरची पुस्तिका कधी आलीच नाही असं एक घर दाखवा! ती कुणी वाचत नाही हे खरं. पण ही कसोटी एकदा लावायला घेतली, तर आपल्या अनेक मान्यवर ग्रंथांचीही गच्छंती होईल.

ही उणीव अंशतः का होईना, भरून काढावी म्हणून मी आज एका लहानशा कृतीचं परीक्षण करायला घेतलं आहे. कृतीचं नाव ‘वापरकर्त्यासाठी सूचना’. लेखक अज्ञात. प्रकाशक, घरगुती तिजोऱ्या बनवणारी एक कंपनी. तिचं नाव सांगत नाही; समीक्षकानं कृतीबद्दल बोलावं, कर्त्याचं दार ठोठावू नये. आकार तळहाताएवढा, पृष्ठं बत्तीस, कागद बरा, अक्षर बारीक, भाषा आठ. या आठांत मराठी नाही. पुण्या-मुंबईत तिजोऱ्या विकणाऱ्यांची अशी समजूत दिसते, की मराठी माणूस तिजोरी विकत घेईलही, पण तिच्यात काय ठेवायचं हा प्रश्न त्याला पडत असल्यामुळे तो पुस्तिका वाचण्याच्या मनःस्थितीत नसतो.

बत्तीस पानं आणि आठ भाषा, म्हणजे प्रत्येक भाषेच्या वाट्याला चार पानं. या चार पानांचा जमाखर्च पाहण्यासारखा आहे. पहिली दोन पानं आकड्यांच्या पाटीला दिली आहेत: सांकेतिक क्रमांक कसा घालावा, कसा बदलावा, तीनदा चुकल्यास तिजोरी कशी चिडते आणि किती वेळानं तिचा राग उतरतो. तिसऱ्या पानावर बॅटरी. चौथ्या पानावर हमी, म्हणजे कंपनी कशाकशाची हमी घेत नाही याची यादी, आणि कोरड्या फडक्यानं पुसण्याबद्दल दोन वाक्यं. आणि या सगळ्याच्या खाली, पानाच्या अगदी तळाशी, मुंगीला चष्मा लावावा लागेल अशा अक्षरात, एका चांदणीच्या आधारानं उभी असलेली तळटीप: तिजोरी सोबतच्या बोल्टांनी जमिनीला किंवा भिंतीला घट्ट बसवून घ्यावी.

बस. एवढंच. कशी, कुठे, कुणाकडून, किती खोल, याबद्दल अवाक्षर नाही.

माझ्या मते ही तळटीप म्हणजेच या कृतीचा आशय आहे. बाकीची चार पानं ही तिची प्रस्तावना आहे, आणि प्रस्तावनाकाराला मूळ ग्रंथ वाचायला वेळ मिळालेला नाही. आपल्याकडे हे नवीन नसलं, तरी इथे त्याचे परिणाम जरा गंभीर होतात.

आता, पुस्तिका परीक्षणासाठी माझ्या हाती कशी आली हे सांगणं समीक्षेच्या शिस्तीत बसत नाही. पण न सांगता पुढे जाता येत नाही. ती मावशीच्या घरून आली. मावशी पुण्यात कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. काका गेल्याला बरीच वर्षं झाली, मुलगा न्यू जर्सीत. दागिने इतकी वर्षं बँकेच्या लॉकरमध्ये सुखानं नांदत होते. मग तिच्या वाचनात आलं, की रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये नव्या सूचना काढल्या आहेत आणि त्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झाल्या आहेत. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं, असलं काही बँकेच्या हयगयीमुळे झालं, किंवा खुद्द तिच्याच माणसानं अफरातफर केली, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट. मावशी प्राथमिक शाळेत गणित शिकवायची. तिनं तिथल्या तिथे हिशेब केला. भाडं तीन हजार, शंभरपट म्हणजे तीन लाख. “आजच्या भावानं यात माझ्या आईच्या नुसत्या पाटल्यासुद्धा बसत नाहीत रे!” झालं. सगळा ऐवज घरी आला, न्यू जर्सीहून पैसे आले, आणि दोन पोरांनी तिजोरी आणून तिच्या सांगण्यावरून कपाटातल्या मधल्या फळीवर ठेवली. बसवून देण्याचा प्रश्न निघाला तेव्हा एकजण म्हणाला, “आजी, जमिनीला बसवायचे पैसे वेगळे.” मग त्यानं फळीला दोन स्क्रू पिळले, हे मात्र फुकट.

पुढच्या वैशाखात मावशी चार दिवस लग्नाला नाशिकला गेली. परत आली तेव्हा दाराची कडी उचकटलेली होती. टीव्ही जागेवर, पितळी समई जागेवर, कपाटातली मधली फळी मात्र तिजोरीसकट नाहीशी. पाऊण इंची प्लायवूड ते. स्क्रूंनी फळी सोडली नाही, फळीनंच कपाट सोडलं. पुस्तिका टेबलाच्या खणात सुरक्षित होती. तिजोरी गेली, वाङ्मय उरलं.

त्या दिवशी मावशी एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती. “अरे, नंबर मी कुणालाच सांगितला नव्हता रे. तुझ्या भावालासुद्धा नाही.”

आता पुस्तिकेतली व्यक्तिचित्रं पाहा. तिच्या लेखकानं रंगवलेला खलपुरुष फार सोशिक आणि अभ्यासू आहे. तो रात्री येतो, तिजोरीसमोर मांडी घालून बसतो, एक क्रमांक दाबून पाहतो, दुसरा दाबतो, तिसऱ्यांदा चुकला की पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ठरावीक मिनिटं गप्प बसून राहतो आणि मग पुन्हा प्रयत्न करतो. असा चोर मी स्पर्धापरीक्षेच्या वर्गाबाहेर कुठे पाहिलेला नाही. खरा चोर क्रमांकाच्या भानगडीत पडतच नाही. तो तिजोरीच उचलतो. आकडेमोड मागाहून, घरी, निवांतपणे, पहार आणि घण यांच्या साहाय्यानं करतो.

आणि उचलायचं ते किती? आपल्या बाजारात घरगुती म्हणून ज्या लहान तिजोऱ्या मिळतात, त्यातल्या कित्येक दहा-पंधरा किलोंच्या आत असतात. आपल्याकडे घरात येणाऱ्या गॅसच्या सिलिंडरमध्ये नुसता गॅस १४.२ किलो असतो. रिकाम्या टाकीचं वजन जवळजवळ तेवढंच आणखी. म्हणजे जो पोरगा आपल्या घरी सिलिंडर खांद्यावर टाकून, लिफ्ट बंद असताना, शीळ घालत तिसरा मजला चढतो, त्याच्या ओझ्याच्या निम्म्यानं चोराचं काम भागतं. शिवाय चोराला उतरायचं असतं. पन्नास किलोंची भारी तिजोरी घेतली तरी ती गव्हाच्या एका पोत्याएवढी झाली, आणि आपल्या बाजारपेठांत पोतं पाठीवर घेणारी माणसं ते दिवसभर वाहतात.

युरोपात पक्क्या तिजोऱ्यांसाठी जे मानक ठरवलेलं आहे, त्यात म्हटलं आहे की स्वतंत्र उभ्या राहणाऱ्या तिजोरीचं वजन हजार किलोंपेक्षा कमी असेल, तर तिच्यात जमिनीला जखडण्यासाठी निदान एक तरी भोक असलंच पाहिजे. हजार किलो! वीस गव्हाची पोती! तिथल्या जाणत्यांच्या मते एक टनाच्या आतली प्रत्येक तिजोरी ही उचलेगिरीची वस्तू आहे. आपण मात्र बारा किलोंची आणतो, वर क्रोशाचा रुमाल घालतो, रुमालावर गणपती ठेवतो आणि निश्चिंत होतो.

खरं म्हणजे न बसवलेल्या तिजोरीपेक्षा आपल्या आज्यांची पद्धत शास्त्रशुद्ध होती. त्यांचा ऐवज घरभर विखुरलेला असे. थोडा तांदळाच्या डब्यात, थोडा गोधडीच्या शिवणीत, थोडा देवामागच्या कोनाड्यात, आणि एक अंगठी अशा ठिकाणी की ती आजीलाही सापडत नसे. चोराला सगळं घर पालथं घालावं लागे. आपण त्याचा हा त्रास वाचवतो. सगळा ऐवज निवडतो, एका पेटीत भरतो, पेटी चटकन ओळखू येईल अशी घेतो आणि तिच्यावर लाल दिवा लुकलुकता ठेवतो. याला तिजोरी म्हणणं हा शब्दाचा अपमान आहे. हा चोरासाठी भरून ठेवलेला डबा आहे.

आणि आज्यांच्याही मागच्या पिढ्यांनी तर जमिनीवरच भरवसा ठेवला होता. मोहरांचा हंडा पुरायचा आणि वर नाग आहे असं सांगायचं. यातला नाग काढून टाकला, तर तत्त्व अगदी पक्कं आहे: धनाला कुलूप नसलं तरी चालेल, जमीन हवी. आपण कुलूप ठेवलं, जमीन सोडली. पुस्तिकेनं तर ती तळटिपेत टाकली.

पण इथे समीक्षकानं एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. जखडलं की झालं, असंही नाही. कशाला जखडलं आहे हा पुढचा प्रश्न आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज उभं होतं. त्याच्या पोटात कापसाच्या गासड्या होत्या, सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती, आणि १२४ सोन्याच्या विटा होत्या. विटा ३१ खोक्यांत, खोकी पोलादी टाकीत, टाकीचं तोंड वेल्डिंग करून बंद. चोरानं बोट लावायची सोय नाही! दुपारी कापसाला आग लागली आणि चारच्या सुमाराला जहाजच उडालं. शेकडो माणसं प्राणास मुकली, गोदीच्या आसपासचे भाग उद्ध्वस्त झाले. सोन्याची एक वीट उडून लांबवर एका पारशी गृहस्थाच्या घरात जाऊन पडली. त्यांनी ती परत केली. पुढे कित्येक वर्षं गोदीतला गाळ काढताना विटा सापडत राहिल्या. त्या टाकीत खोट काढायला जागा नव्हती. ती ज्याच्या पोटात होती, तिथे खोट होती.

मावशीच्या प्लायवूडची गोष्ट लहान आहे, पण आहे तीच.

तेव्हा पुस्तिकेवरचा माझा मुख्य आक्षेप असा, की तिच्या लेखकाला जमीन म्हणजे काय हेच माहीत नाही. ‘जमिनीला बसवावी’ असं तो लिहितो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे कुठली तरी आदर्श, अखंड, कालिदासाच्या काळातली भूमी असावी. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला जमीन नसते. त्याला फरशी असते.

हे ज्ञान मला झालं ते मावशीनं दुसरी तिजोरी घेतली तेव्हा. (पुन्हा कशाला घेतलीस, असं सगळ्यांनी विचारलं. ती म्हणाली, “उरलंय ते ठेवायला.” पुढे कुणी विचारलं नाही.) या वेळी मिस्त्री बोलावला. त्यानं खोक्यातले बोल्ट तळहातावर घेऊन पाहिले. अडीच इंची. त्यानं ते परत खोक्यात ठेवले, पाहुण्याला पेढा आवडला नाही की तो बशीत परत ठेवतो तसे. म्हणाला, “साहेब, ह्यो बोल्ट स्लॅबला पोचनारच न्हाई. वरच्या मालातच लटकनार.”

मला काही उमगेना. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे नाना वर आले. नाना सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. मिस्त्री जिन्यात दिसला की त्यांना राहवत नाही.

“अहो भाचेसाहेब,” नाना म्हणाले, “ही वरची फरशी. तिच्याखाली ती बसवायचा माल. दोन्ही मिळून दोन-अडीच इंच धरा. हा माल म्हणजे फरशीखालची गादी! त्यात बोल्ट ठोकणं म्हणजे शिऱ्यात खिळा ठोकणं. खरा स्लॅब त्याच्याखाली. आपल्या बिल्डिंगचा पाच इंची. बोल्ट त्या स्लॅबमध्ये पोचला पाहिजे. पण पार जाता कामा नये.”

“का?”

“कारण खाली मी आहे.”

पुस्तिकेच्या बत्तीस पानांत नसलेलं सगळं वास्तव या चार शब्दांत आलं. मावशीची जमीन म्हणजे नानांचं छत. त्या छतातून नानांच्या पंख्याची तार नळीतून गेलेली. त्या छतात सळया. आणि तिजोरीच्या तळाची भोकं कारखान्यातून पाडून आलेली, त्यांच्या जागा ठरलेल्या. एक चुकलं की अख्खी तिजोरी सरकवायची. नवीन भोक आपल्या मनानं पाडता येत नाही, कारण आगीपासून बचाव करणारी तिजोरी असेल तर तिच्या पत्र्यांच्या मधलं भरण त्यानं उघडं पडतं.

मग नाना खाली गेले, स्टुलावर चढले, आणि पंख्याचा हूक भिंतीपासून किती फुटांवर आहे, नळी कुठल्या बाजूनं येते, ते मोजून कागदावर काढून घेऊन आले. आम्ही वरून तेच माप फरशीवर खडूनं आखलं. जागा कोपऱ्यातली निवडली. दोन बाजूंना भिंत असली, की पहार घालून उचकटायला चोराला जागा मिळत नाही, हा नानांचा दुसरा सिद्धान्त. नुसत्या भिंतीला बसवू का, असं मी विचारलं, तर नानांनी भिंतीवर टिचकी मारून दाखवली. नव्या बिल्डिंगांतल्या भिंती हलक्या ठोकळ्यांच्या. त्यात फुगणारा बोल्ट घट्ट केला तर ठोकळाच फुटतो.

फुगणारा बोल्ट ही वस्तू मात्र या सगळ्या प्रकरणातली खरी काव्यात्म गोष्ट आहे. बाजारात त्याला अँकर फास्टनर म्हणतात. मिस्त्रीनं बारा मिलिमीटर जाडीचे आणि दीडशे मिलिमीटर लांबीचे आणले. त्यानं बिटला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण केली, म्हणजे यंत्र भरात येऊन नानांच्या दिवाणखान्यात उतरू नये. भोक पाडल्यावर नळी घालून आतली सगळी भुकटी फुंकून काढली. ती माझ्या चष्म्यावर आली. “धूळ ऱ्हायली तर बोल्ट धूळच धरतो,” तो म्हणाला. मग बोल्ट आत ठोकला. त्याच्या खालच्या टोकाला निमुळता, खाली रुंद होत गेलेला भाग असतो आणि त्याच्याभोवती पोलादी कडं. वरून नट आवळला की बोल्ट वर ओढला जातो, रुंद भाग कड्यात घुसतो, कडं फुगतं आणि काँक्रीटला चहूबाजूंनी धरतं. म्हणजे जितकं उपटायला जावं, तितकं ते घट्ट धरतं. आमच्या कुटुंबात असे दोन-तीन स्वभाव आहेत. पण त्यांचा असा उपयोग होऊ शकेल हे कधी लक्षात आलं नव्हतं.

तिसरं भोक पाडताना बिट सळईवर आपटलं. आवाज बदलला, यंत्र थरथरलं. मिस्त्री थांबला. सळई कापायची नाही, असं नानांनी इतक्या मोठ्यानं सांगितलं की खालून नानी वर आल्या. सळई म्हणजे स्लॅबचं हाड. तिजोरी दोन इंच सरकवून पुन्हा पहिल्यापासून सगळं. शेवटी चारही नट तिजोरीच्या आतल्या बाजूला आवळले गेले. आणि इथे मला कुलपाचं खरं प्रयोजन कळलं. नट आत आहेत. दार उघडल्याशिवाय त्यांना पाना लागत नाही. म्हणजे कुलूप नटांना राखतं आणि नट कुलपाला. एकटं कुलूप बिचारं हमालाच्या पाठीवर बसून कुठेही जायला तयार असतं.

पुस्तिकेतली दुसरी मोठी उणीव सामाजिक आहे. तिच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरात बजावलं आहे, की तिजोरीबद्दल कुणालाही कळू देऊ नये. आणि तळटिपेत म्हटलं आहे, की ती जमिनीला बसवावी. या दोन विधानांतला अंतर्विरोध लेखकाच्या ध्यानात आलेला नाही. हॅमर मशीन एकदा सुरू झालं, की चारही मजल्यांवरच्या वामकुक्षा मोडतात. खालचा रखवालदार वर येतो. सोसायटीचे सेक्रेटरी परवानगीचं विचारायला येतात, आणि त्यांना विचारायला आलेलं पाहून समोरच्या वहिनी दार उघडतात. मावशीनं सगळ्यांना “देव्हारा बसवतेय” असं सांगितलं. समोरच्या वहिनींनी त्यावर विचारलं, “एवढे जड देव?”

पण यावर माझं मत पुस्तिकेपेक्षा वेगळं झालं आहे. पहिली तिजोरी कुणालाही कळू न देता ठेवली होती. ती कुणालाही कळू न देता गेली. भर दुपारी फळी कपाटातून निखळताना आवाज झाला असेल, पण तो कशाचा हे शेजारी कुणाला ठाऊक नव्हतं. दुसरीचा पत्ता नानांना आहे. त्यांच्या छताशी तिचं नातं आहे. तिला कुणी पहार लावली, तर पहिला धक्का नानांच्या पंख्याला बसेल आणि नाना काठी घेऊन वर येतील. असं संरक्षण कुठल्याही कंपनीच्या हमीत लिहिलेलं नाही.

तिसरी उणीव भाडेकरूंची. ज्यांचं घर भाड्याचं आहे आणि ज्यांचा मालक भिंतीत कॅलेंडरचा खिळा ठोकू देत नाही, त्यांनी काय करावं, यावर लेखक मौन पाळतो. त्यांच्यासाठी प्रामाणिक सल्ला एकच आहे, आणि तो कुठलीही कंपनी छापणार नाही: तिजोरी घेऊ नका. भाडं भरून लॉकर ठेवा, आणि शंभरपटीचा हिशेब मावशीसारखा तोंडी करू नका. न जखडलेल्या तिजोरीची जबाबदारी कुणीच शून्यपटही घेत नाही.

चौथी आणि शेवटची उणीव मला सर्वांत जास्त लागली. आत काय ठेवावं आणि काय ठेवू नये, याबद्दल कृतीत एक शब्द नाही. मावशीच्या तिजोरीत पाटल्या होत्या, त्या गेल्या. फ्लॅटचं खरेदीखत होतं. त्याची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून चार खेपा घालून मिळाली. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट होतं; पोलिसातल्या तक्रारीची प्रत, बंधपत्र, अर्ज असं सगळं झाल्यावर तेही दुसरं मिळालं. पण एक लहान वही होती. काका १९७१ साली पुण्याला आले तेव्हापासून कुणाकडून किती हातउसने घेतले, ते त्यांनी तिच्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं, आणि फेडल्यावर प्रत्येक ओळीवर एक रेघ. शेवटच्या पानापर्यंत सगळ्या ओळींवर रेघा. तिला बाजारात किंमत नव्हती, म्हणूनच ती तिजोरीत होती. चोरानं ती कुठल्या तरी पुलाखाली फेकली असणार. तिची दुसरी प्रत देणारी कचेरी नाही. मावशी पाटल्यांबद्दल बोलते. वहीबद्दल बोलत नाही.

एकूण मूल्यमापन करायचं, तर प्रस्तुत कृतीची मांडणी नेटकी, भाषा निर्दोष आणि दृष्टी पूर्णपणे उलटी आहे. दुसऱ्या आवृत्तीत लेखकानं ती पायावर उभी करावी. पहिल्या पानावर फरशी, माल, स्लॅब आणि सळई. दुसऱ्या पानावर खालचे शेजारी, त्यांना आधी विचारण्याची रीत आणि त्यांच्या पंख्याचं माप. तिसऱ्या पानावर स्लॅबपर्यंत पोचणारे बोल्ट, आणि खोक्यातही तेच. चौथ्या पानावर, जागा उरलीच, तर सांकेतिक क्रमांक. आणि तळटिपेत बॅटरी. नववी भाषा म्हणून मराठीचाही विचार व्हावा. आमच्याकडेही जपण्यासारखं असतं.

तोवर ज्यांच्या घरी तिजोरी आहे त्यांनी पुस्तिका बाजूला ठेवून एक सोपी परीक्षा घ्यावी. मेहुण्याला जेवायला बोलवावं, आणि जेवण झाल्यावर म्हणावं, “जरा ही हलते का बघा.” हलली, तर समजावं की तिजोरी अजून घरात आलेली नाही, नुसती दुकानातून निघालेली आहे. मेहुणा अंगापिंडानं बेताचा आहे म्हणून निकालात सूट देऊ नये. चोर त्याच्याहून तगडा असतो, दोघं मिळून येतात, आणि जेवायला थांबत नाहीत.